न दिसणारा ओरखडा

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वरच्या कप्प्यात, ऑफिसातून आणलेल्या खाकी पुठ्ठ्यांच्या मध्ये, एक रेकॉर्ड असे. माझे वडील, अण्णा, तिला ‘नारायणराव’ म्हणत. नारायणराव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. 1979 च्या थंडीत जामा मशिदीच्या मागच्या फुटपाथवर अण्णांनी ती 40 रुपयांना घेतली. त्या काळी 40 रुपयांत आमच्या घरी आठवड्याची भाजी यायची, म्हणून आईनं दोन दिवस अबोला धरला होता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, “बाबूजी, सन छह का तवा है, ऐसा दूसरा नहीं मिलेगा.” दिल्लीत जुन्या लाखेच्या रेकॉर्डीला तवा म्हणतात, आणि तो शब्द तिला शोभतोही.

गणपतीत एकदा आणि दिवाळीत एकदा चावीच्या फोनोवर नारायणराव वाजत. आवाज पातळ होता, वर चढलेला होता, पेटी कुठेतरी लांब वाजत होती. पाहुण्यांपैकी कुणी “हा बालगंधर्वांचा आवाज वाटत नाही हो” असं पुटपुटलं, तर अण्णांचं उत्तर ठरलेलं असे: “अठरा वर्षांचे होते तेव्हा. कोवळा आवाज आहे.” जन्म 1888, रेकॉर्ड 1906, हिशेब चोख. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला हिशेब जुळला की बाकीचं जुळतंच.

त्या तबकडीपायी मी पुढं या नादाला लागलो. रेकॉर्ड खरी की खोटी हे ओळखण्याची विद्या ग्रामोफोनच्याच इतिहासातून जन्मली आहे, आणि तो इतिहास आपल्याकडे नोव्हेंबर 1902 मध्ये सुरू होतो. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि मेणाच्या जाड चकत्यांवर त्यानं गाणी घेतली. गायिका भोंग्यात तोंड घालून गायची, आवाजाच्या दाबानं पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात नागमोडी रेघ कोरायची. ना वीज, ना मायक्रोफोन. त्या चकत्या बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथं साचे बनायचे आणि तयार रेकॉर्डी परत हिंदुस्थानात यायच्या. गायिका गौहरजान गाणं संपल्यावर इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते लोकांना नखरा वाटतं. कारण अगदी कारकुनी होतं. हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसाला ठुमरी कळत नव्हती; कोणत्या चकतीवर कुणाचं लेबल लावायचं हे त्याला कळावं म्हणून गायिकेनंच ओरडून सांगायचं. माझ्या लेखी आपल्याकडच्या रेकॉर्डींवरचा तो पहिला अस्सलतेचा शिक्का, आणि तो गाणाऱ्याच्याच आवाजातला.

1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना उभा राहिला, पुढे तो दमदमला गेला. लाख आपलीच होती. बिहारच्या जंगलातली लाख, त्यात दगडाची भुकटी, रंगाला काजळी, हे सगळं तापवून कणकेच्या गोळ्यासारखं दोन साच्यांमध्ये दाबायचं. लेबल नंतर डकवत नसत. छापील कागद आधी साच्यात ठेवायचा आणि त्यावर गरम गोळा, म्हणजे कागद लाखेत रुतून बसतो. अस्सल 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डीच्या, लेबलावरून नख फिरवलं तर कड लागत नाही. लागली, तर समजायचं की हे लग्न कारखान्यात लागलेलं नाही.

लेबलावरचं चित्रही बोलतं. भोंग्यासमोर बसलेला कुत्रा आपल्या मनात इतका ठसलाय की जुनी रेकॉर्ड म्हटली की तो असणारच, असं वाटतं. पण अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींवर कुत्रा नव्हता. पंख असलेला एक देवदूत होता, लेखणीनं तबकडीवर लिहिणारा. 1906 सालच्या रेकॉर्डीवर कुत्रा येऊ शकत नाही. शिवाय त्या काळी कंपनीच्या इथल्या रेकॉर्डी एकाच बाजूनं वाजत. दुसरी बाजू कोरी, गुळगुळीत. आमच्या नारायणरावांवर कुत्रा होता आणि रेघा दोन्ही बाजूंना होत्या. दुसऱ्या बाजूचं लेबल कुणीतरी खरवडून काढलेलं होतं. हे मला कळलं तेव्हा माझं वय पस्तिशीच्या पुढं होतं. अण्णांना मी लगेच सांगितलं नाही.

खरी साक्ष मात्र लेबलाच्या बाहेर असते. गाण्याच्या रेघा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामधल्या रिकाम्या पट्टीत काही आकडे-अक्षरं दाबलेली किंवा हातानं कोरलेली दिसतात. तो मॅट्रिक्स नंबर. मूळ चकतीला दिलेला हा क्रमांक साच्यातून प्रत्येक प्रतीवर उतरतो. त्याच्या पुढेमागे येणाऱ्या अक्षरांवरून गाणं कुणी उतरवलं हेही ओळखता येई, कारण कंपनीच्या फिरत्या ध्वनिमुद्रकांना आपापलं अक्षर दिलेलं होतं. 1925 मध्ये मायक्रोफोन आणि वीज आली तेव्हा तिच्या यंत्रणेची खूणही याच पट्टीत आली. कुत्र्याच्या लेबलाच्या, म्हणजे एच. एम. व्ही.च्या, रेकॉर्डीवर क्रमांकापुढं छोटा त्रिकोण दिसला की ती वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीनं घेतलेली. चौकोन दिसला तर नंतरची, कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावरची, 1931 च्या पुढची. कोलंबियाच्या रेकॉर्डींवर हेच काम वर्तुळातला ‘डब्ल्यू’ आणि वर्तुळातला ‘सी’ करत. त्या पट्टीतली ही खूण कुठल्याही जाहिरातीत नव्हती. बनावट लेबल छापणाऱ्याच्या ती गावीही नसते.

ही नजर ज्यांनी आपल्याकडे घडवली ती मंडळी मुंबईची. 1990 मध्ये सुरेश चांदवणकर, नारायण मुलाणी आणि ऑस्ट्रेलियाचा मायकेल किनियर यांनी तिथं भारतीय रेकॉर्ड-संग्राहकांची सोसायटी काढली. चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या त्यांच्या पत्रिकेत गायकांच्या रेकॉर्डींच्या याद्या, क्रमांक, कंपन्यांच्या कुंडल्या येत. वडाळ्याला कारखाना असलेल्या ‘यंग इंडिया’ या स्वदेशी लेबलाचा इतिहासही तिथंच वाचला. वाचणाऱ्याला वाटेल, नुसते आकडे. पण चोरबाजारात हातात तबकडी घेऊन उभं राहिल्यावर हेच आकडे कामाला येतात.

लाख गेली आणि व्हिनाइल आलं. तिकडे अमेरिकेत लाँग प्ले 1948 मध्ये आली, आपल्याकडे दहाएक वर्षांनी. मात्र दमदमच्या कारखान्यानं लाख लवकर सोडली नाही. बीटल्सची गाणी जगात बहुतेक सगळीकडे 45 वर मिळत असताना दमदम ती 78 वर दाबत होतं, कारण खेड्यापाड्यांतल्या चावीच्या फोनोला दुसरं काही चालत नव्हतं. आज त्या लाखेच्या बीटल्ससाठी परदेशी संग्राहक मोठाल्या रकमा मोजतात. आपल्या गरिबीची अशी दुर्मिळ चीज होते.

दुर्मिळतेचा सगळ्यात वेडा बाजार मात्र बीटल्सचा नव्हता, तो काळ्या अमेरिकनांच्या सोल संगीताचा. आणि तो भरला उत्तर इंग्लंडमध्ये. कापडगिरण्यांच्या गावांतली पोरं 1970 च्या दशकात रात्रभर नाचायची, विगन कसिनोसारख्या हॉलमध्ये. त्यांना हवी असायची ती अमेरिकेत न चाललेली, कुणी न ऐकलेली दहा वर्षांपूर्वीची गाणी. ज्या डीजेकडे असं गाणं, त्याच्याकडे गर्दी. मग डीजे काय करत? रेकॉर्डीच्या लेबलावर कागद चिकटवत आणि खोटंच नाव सांगत, म्हणजे दुसऱ्याला मूळ रेकॉर्ड शोधता येऊ नये. 1965 मध्ये मोटाउनच्या ‘सोल’ याच नावाच्या लेबलसाठी फ्रँक विल्सननं एक गाणं गायलं. कंपनीनं त्याच्या नमुना-प्रती काढल्या आणि बाजारात न आणता नष्ट केल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. हे गाणं विगनच्या पोरांनी ऐकलं ते ‘एडी फॉस्टर’ या बनावट नावानं, आणि त्याच नावानं चोरट्या प्रतीही निघाल्या. अस्सल प्रत 2009 मध्ये लिलावात 25,742 पौंडांना गेली, 2020 मध्ये दुसरा व्यवहार 1,00,000 पौंडांना झाला. एका गाण्याच्या तबकडीला! आर. के. पुरममध्ये माझ्या हातात बनावट लेबलाची रेकॉर्ड होती आणि विगनमध्येही लोक लेबलावर लेबलच चिकटवत होते, हे वाचून मला कुठंतरी हायसं वाटलं होतं.

सोलच्या खोट्या प्रती ओळखायची तऱ्हा आमच्या लाखेपेक्षा फार वेगळी नाही. मूळ कारखान्यांचे शिक्के रिकाम्या पट्टीत असतात. खोट्या प्रतीत तेच आकडे कुणीतरी घाईनं हातानं खरडलेले दिसतात. काही अमेरिकी कारखाने 45 व्हिनाइलऐवजी कडक, ठिसूळ स्टायरीनच्या करत. मूळ स्टायरीनची असेल आणि तुमच्या हातात मऊ व्हिनाइल असेल, तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं. पण या सगळ्याहून भारी खूण कानाला कळते. चोराकडे मूळ टेप नसते. तो जुनी वाजलेली रेकॉर्ड लावतो, तिच्यावरून नवा साचा काढतो. जुन्या रेकॉर्डीवरची खरखर आणि तिचा ओरखडा त्या साच्यात जातो. मग तुमच्यासमोर चकचकीत, कोरी तबकडी असते, दिव्याखाली तिरकी धरली तरी कुठे एक रेघ दिसत नाही, आणि सुई ठेवली की प्रत्येक फेऱ्याला ‘टक्, टक्’. दिसत नाही आणि ऐकू येतो, असा ओरखडा. तो दुसऱ्याच तबकडीचा असतो, कुणाच्या तरी घरात कधीतरी सुई घसरली त्याचा.

दिल्लीत मात्र हा खेळ फार दिवस चालायला वावच नव्हता, कारण 1980 च्या आसपास कॅसेट आली. रेकॉर्ड चोरायला कारखाना लागतो, दाबयंत्र लागतं; कॅसेट चोरायला दोन डेक आणि एक खोली पुरते. पालिका बाजारात आणि लाजपतरायच्या गल्ल्यांत कॅसेटींचे ढीग असत, आणि त्यांतली खरी कोणती हे विचारणंच हास्यास्पद वाटे. दर्यागंजच्या फळांच्या रसाच्या दुकानातून आलेल्या गुलशन कुमारांनी 1983 मध्ये सुपर कॅसेट्स सुरू केली. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन विकायला कॉपीराइटच्या कायद्यात एक वाट होती. ती कंपनीनं हमरस्ता करून टाकली. त्यांना चोर म्हणावं की धंदेवाईक, यावर आमच्या कॉलनीत भांडणं होत. माझं मत असं की एच. एम. व्ही.नं ज्या गावांकडे ढुंकून पाहिलं नाही तिथं त्या कॅसेटी पोचल्या, आणि त्या लोकांना अस्सलतेचं कौतुक सांगण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. कायदा जागा झाला तो 1984 मध्ये. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ग्रामोफोन कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: सिंगापूरहून नेपाळला निघालेल्या चोरट्या कॅसेटी कलकत्त्याच्या बंदरात अडवता येतात, नुसता वाटेतला माल म्हणून त्या सुटत नाहीत. त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 52 अ आलं: प्रत्येक कॅसेट-रेकॉर्डीवर करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्क कुणाचे हे छापलंच पाहिजे. गौहरजानला ओरडून सांगावं लागलं होतं, ते 82 वर्षांनी कायद्यानं कागदावर मागितलं.

मग आलं 2012. ऑगस्टमध्ये बातमी आली की लोकमान्य टिळकांचा आवाज सापडला आहे. 1915 च्या गणेशोत्सवात पुण्याच्या गायकवाड वाड्यात भास्करबुवा बखले, बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांची मैफल झाली, कराचीच्या एका शौकीन व्यापाऱ्यानं ती यंत्रावर घेतली, आणि त्यात गर्दीला शांत राहायला सांगणारा आवाज टिळकांचा आहे, असं सांगितलं गेलं. पुण्याच्या आतेभावानं ती फाईल मला मेलवर पाठवली. त्या संध्याकाळी अण्णा, वय 81, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत ताठ बसले आणि आवाज सुरू झाल्यावर त्यांनी हात जोडले. त्यांच्या आजोबांनी टिळकांना पाहिलं होतं. मी काही बोललो नाही.

ध्वनिमुद्रणाच्या जाणकारांनी लगोलग शंका काढल्या. माझा हिशेब साधा होता. 1915 मध्ये भोंग्याशिवाय काही नव्हतं. भोंग्याला समोरचा आवाज हवा, हातभर अंतरावरचा. वाड्यात चार पावलांवर बोलणारा माणूस, त्याच्यापलीकडची गर्दी आणि गायक हे सगळं एका भोंग्यात समजेल असं उतरणं शक्य नव्हतं. एका चकतीवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि ती घ्यायला सहज हलवता न येणारा, मेणाच्या चकत्यांसकट सगळा जामानिमा लागे. तारेवर आवाज उमटवणारं यंत्र डेन्मार्कच्या पाउल्सननं 1898 मध्येच काढलं होतं, हे खरं. पण क्षीण आवाज वाढवणारी व्हॉल्व्हची जोड त्याला तेव्हा नव्हती. मैफलीचा दरवळ, माणसांची कुजबुज, टिळकांचा खडा आवाज असं एकत्र ऐकू येत असेल तर ते 1925 च्या नंतरचं काम आहे, आणि टिळक गेले ते 1 ऑगस्ट 1920 ला. मला ती फाईल 1915 ची वाटत नाही, आजही नाही.

याच जातीची आणखी एक फाईल त्याआधीपासून फिरत होती: विवेकानंदांचं शिकागोचं भाषण. आर. के. पुरम म्हणजे रामकृष्ण पुरम. परमहंसांच्या नावाच्या वसाहतीत त्यांच्या शिष्याचा आवाज दर 12 जानेवारीला लाउडस्पीकरवर लागला तर कुणाला शंका येणार? 11 सप्टेंबर 1893. एडिसनचा फोनोग्राफ तेव्हा होता, पण हजारोंच्या सभागृहातला वक्ता त्याच्या नळीत शिरत नव्हता. त्या फाईलमधली खरखरही तपासण्यासारखी असते. खऱ्या जुन्या तबकडीची खरखर फेऱ्याबरोबर येते, तिला ताल असतो. वरून शिंपडलेली खरखर पावसासारखी कुठेही पडते.

बखल्यांच्या आवाजाची तहान माझ्याही पिढीला आहे. ज्या माणसाकडून बालगंधर्व गाणं शिकले, त्याचा आवाज कसा होता हे कुणाला ऐकायचं नाही? राजहंसांच्या पोराला ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांनी दिलं असं परंपरा सांगते. नाव देणाऱ्याचा आवाज राहिला नाही, ज्याला दिलं त्याचा राहिला. म्हणूनच अशी फाईल आली की आपला कान आधीच हात जोडून बसलेला असतो.

अण्णांना हे सांगायला मला पंधरा दिवस लागले. गणपतीचे दिवस आले होते. मी आधी टिळकांचं सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “आणि नारायणराव?” त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मी कपाट उघडलं, रेकॉर्ड टेबललँपखाली धरली, भिंग त्यांच्या हातात दिलं. लेबलाच्या कडेवरून त्यांचं नख फिरवलं. अडकलं. मग रिकाम्या पट्टीतले आकडे दाखवले. आकड्यांच्या पुढं, तांदळाच्या कण्यापेक्षा लहान, त्रिकोण होता.

“म्हणजे मायक्रोफोन,” ते म्हणाले. आकडे वाचण्यात ते माझ्यापेक्षा पटाईत होते. “म्हणजे पंचवीस सालानंतर. म्हणजे सदतीस-अडतीस वर्षांचे असताना असा आवाज असणं शक्य नाही.”

मी ओल्या कापसानं लेबलाची कड भिजवली. खालून दुसरा कागद दिसला, त्यावर अर्धवट अक्षरं: ‘...बाई’. नावाचा पुढचा भाग फाटलेला, गाव तर नाहीच. अण्णांनी भिंग डोळ्याला धरून ते तीन-चारदा वाचलं. मग म्हणाले, “लाव.”

फोनोची चावी मी अर्धीच भरली होती. बाई गात होत्या, पेटी लांबून साथ करत होती, आणि तीन दशकं कोवळे नारायणराव म्हणून ऐकलेल्या त्या आवाजात एकदम कुठून तरी वय आलं. शेवटच्या फेऱ्यांना स्प्रिंग सैलावली. तबकडी मंदावत गेली, आवाज खाली खाली घसरत जाड, पुरुषी झाला.

“बघ,” अण्णा म्हणाले, “आता आले नारायणराव.”